एका संकेतस्थळावरील अनेक अ‍ॅप्लिकेशन्समध्ये कोड सामाईक कसा ठेवावा

ठाण्यात वागळे इस्टेटला मुख्य कार्यालय आणि वाशी, खारघर व उरणला शाखा असलेली एखादी पतसंस्था उदाहरणादाखल डोळ्यांसमोर आणा. सभासदाला तिचे संकेतस्थळ एकच दिसते, पण त्या एका पत्त्यामागे चार स्वतंत्र अ‍ॅप्लिकेशन्स चालत असतात. ठेवींचे दर, सूचना आणि शाखांचे पत्ते दाखवणारा माहितीचा भाग पीएचपीत असतो. सभासदाचे खाते, कर्जाचा अर्ज आणि कर्मचाऱ्यांचे पॅनेल ही तीन अ‍ॅप्लिकेशन्स नोड (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारी यंत्रणा) आणि टाइपस्क्रिप्टमध्ये (प्रकार तपासणारे जावास्क्रिप्टचे रूप), वेगवेगळ्या वर्षी, बहुधा वेगवेगळ्या माणसांनी लिहिलेली असतात. या सर्वांच्या पुढे असलेला एन्जिनएक्स हा वेब सर्व्हर पत्त्यातला मार्ग पाहून प्रत्येक विनंती त्या त्या अ‍ॅप्लिकेशनकडे पाठवतो. ऐरोली, महापे किंवा वागळे इस्टेटमधल्या लहान गटांकडे देखभालीसाठी येणारी बरीच कामे याच घडणीची असतात, म्हणून पुढील सर्व पायऱ्या याच उदाहरणावर सांगितल्या आहेत.

तोच कोड तीन-चार ठिकाणी असण्यात सुरुवातीला काही बिघडत नाही. वाहन क्रमांकाची तपासणी घ्या. ती आधी कर्जाच्या अर्जात लिहिली गेली, तेथून कर्मचाऱ्यांच्या पॅनेलमध्ये उचलली गेली आणि पुढे सभासदाच्या खात्यातही आली. ठाण्याचा एमएच ०४, वाशीचा एमएच ४३, पनवेलचा एमएच ४६ असे सगळेच क्रमांक राज्याच्या दोन अक्षरांनी सुरू होत असल्याने तपासणीही तेवढीच होती. २०२१ मध्ये बीएच (भारत) मालिका आली आणि तिच्यातला क्रमांक वर्षाच्या दोन आकड्यांनी सुरू होऊ लागला. समजा, अर्जातली तपासणी कोणीतरी सुधारली आणि बाकीच्या दोन तशाच राहिल्या. आता सभासदाचा अर्ज स्वीकारला जातो, पण तोच अर्ज उघडून पत्त्यातली एक साधी दुरुस्ती जतन करू पाहणाऱ्या कर्मचाऱ्याला ‘वाहन क्रमांक चुकीचा आहे’ असे उत्तर मिळते, आणि चूक त्याने टाइप केलेल्या कशातही नसते.

सामाईक फाइल कोठे ठेवायची हे ठरवणे सोपे आहे. तिच्यातला बदल कोणत्या अ‍ॅप्लिकेशनपर्यंत, केव्हा आणि कोणाच्या निर्णयाने पोचणार, हे ठरवणे अवघड आहे आणि ते आधी ठरवावे लागते. पुढच्या प्रत्येक पायरीवर हाच प्रश्न पुन्हा येईल.

पायरी १: संकेतस्थळाचा नकाशा काढा

कागदावर प्रत्येक अ‍ॅप्लिकेशनचा मार्ग, भाषा, चालणारी प्रक्रिया, डेटाबेस आणि डिप्लॉय करणारी, म्हणजे नवा कोड चालू सर्व्हरवर चढवणारी, व्यक्ती लिहून काढा. शेवटचा रकाना बहुतेक वेळा वगळला जातो, आणि पुढचे निर्णय तर त्याच्यावरच अवलंबून असतात: चारही अ‍ॅप्लिकेशन्स एकच गट डिप्लॉय करत असेल तर एक पद्धत योग्य ठरते, आणि माहितीचा भाग बाहेरच्या संस्थेकडे असेल तर दुसरी.

ब्राउझरच्या दृष्टीने प्रोटोकॉल, होस्ट आणि पोर्ट या तीन गोष्टी जुळल्या की मूळ एकच. मार्ग वेगळा असणे ही भिंत नव्हे. सभासदाचे खाते आणि कर्मचाऱ्यांचे पॅनेल एकाच होस्टवर निरनिराळ्या मार्गांवर असतील, तर त्यांचे लोकल स्टोरेज (ब्राउझरमधली साठवण) सामाईक असते, आणि कुकीला मार्गाची मर्यादा घातली तरी ती सुरक्षेची हमी देत नाही, कारण एका मार्गावरची स्क्रिप्ट दुसऱ्या मार्गावरचे पान चौकटीत उघडून त्यातले वाचू शकते. याचा अर्थ असा, की माहितीच्या भागात कोणाला परकी स्क्रिप्ट घुसवता आली तर सर्व अ‍ॅप्लिकेशन्स उघडी पडतात. कर्मचाऱ्यांचे पॅनेल वेगळ्या सबडोमेनवर हलवायचे असेल तर तो निर्णय येथेच घ्या. माझ्या मते पैशाचे व्यवहार दिसणारे पॅनेल सार्वजनिक भागासोबत एकाच होस्टवर ठेवू नये. सबडोमेन वेगळे झाले म्हणून कोड सामाईक ठेवण्यात कोणतीही अडचण येत नाही.

पायरी २: काय सामाईक आहे आणि काय फक्त सारखे दिसते

आता सर्व अ‍ॅप्लिकेशन्समध्ये दोनदा किंवा अधिक वेळा आलेले तुकडे शोधा. शोध नावाने घेऊ नका, कामाने घ्या, कारण उतरवलेल्या फंक्शनचे नाव बहुधा बदललेले असते. सापडलेला प्रत्येक तुकडा हातात घेऊन स्वतःला विचारा: उद्या हा नियम बदलला, तर तो सगळीकडे एकाच कारणाने बदलेल का? उत्तर होकारार्थी असेल तरच तो सामाईक समजा.

ज्यांचे उत्तर निःशंकपणे होकारार्थी येते, त्यांपैकी तीन तुकडे जवळून पाहू.

पहिला तुकडा नावांची तुलना करण्याचा. ‘गोऱ्हे’ या आडनावातला ‘ऱ’ युनिकोडमध्ये दोन प्रकारे साठवता येतो: एकच स्वतंत्र चिन्ह म्हणून, किंवा ‘र’ आणि त्यापुढे नुक्ता अशा दोन चिन्हांनी. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात, पण संगणकासाठी त्या दोन निरनिराळ्या अक्षरमाला असतात. एका कीबोर्डवरून नोंदवलेले आडनाव दुसऱ्या कीबोर्डवरून शोधले तर ‘सभासद सापडला नाही’ असे उत्तर येते. साठवण्यापूर्वी आणि शोधण्यापूर्वी दोन्ही वेळा मजकूर एनएफसी या प्रमाण रूपात आणला की प्रश्न सुटतो; जावास्क्रिप्टमध्ये त्यासाठी अक्षरमालेवर नॉर्मलाइझ ही पद्धत आहे आणि पीएचपीत इंटल एक्स्टेन्शनमधला नॉर्मलायझर आहे. चारपैकी एका अ‍ॅप्लिकेशनने जरी हे केले नाही, तरी बाकीच्या तिघांनी केलेले वाया जाते, कारण डेटाबेस एकच असतो. म्हणून हा तुकडा सामाईक असणे अनिवार्य आहे.

दुसरा तुकडा पिन कोडवरून जिल्हा ठरवण्याचा. वाशी ४००७०३, नेरूळ ४००७०६, ऐरोली ४००७०८ हे पाहून कोणी ‘४००७ ने सुरू होणारे पिन ठाणे जिल्ह्याचे’ असा नियम लिहिला, तर उरण त्याला खोटे पाडते: उरणचा पिन ४००७०२ आहे आणि तालुका रायगड जिल्ह्यात आहे. खारघरचे रहिवासी पत्त्यात नवी मुंबई लिहितात, पण ४१०२१० हा पिन रायगडचाच. शिवाय जिल्हेही बदलतात. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून पालघर वेगळा झाला, तेव्हा जिल्ह्यांची यादी जेथे जेथे कोडमध्ये कोरलेली होती तेथे तेथे ती चुकीची ठरली. असा नियम फंक्शनमध्ये लिहूच नये. पिन आणि जिल्हा यांची सारणी जेसन फाइलमध्ये (ठरावीक रचनेतली माहितीची साधी मजकूर-फाइल) ठेवावी आणि फंक्शनने फक्त ती वाचावी. सारणी कोणत्याही भाषेला वाचता येते, हा फायदा पुढे पीएचपीच्या वेळी उपयोगी पडेल.

तिसरा तुकडा पैशांचा. जावास्क्रिप्टमध्ये ०.१ आणि ०.२ यांची बेरीज ०.३०००००००००००००००४ येते, त्यामुळे हप्त्याची रक्कम एका अ‍ॅप्लिकेशनने रुपयांच्या दशांशात आणि दुसऱ्याने पैशांच्या पूर्णांकात मोजली तर कोठेतरी एका पैशाचा फरक पडणारच, आणि सभासदाने छापून घेतलेले वेळापत्रक व कर्मचाऱ्याच्या पडद्यावरचे वेळापत्रक जुळणार नाही. सर्व रकमा पैशांच्या पूर्णांकात ठेवा, पूर्णांकात आणण्याचा नियम एकाच फंक्शनमध्ये लिहा, आणि दाखवतानाच रुपयांत बदला. दाखवण्यासाठी भारतीय इंग्रजी लोकेल (भाषा व प्रदेशाची खूण) दिले तर लाख-कोटींच्या स्वल्पविरामांसह इंग्रजी अंक मिळतात आणि मराठी लोकेल दिले तर १,००,००० असे देवनागरी अंक मिळतात. कोणता वापरायचा हे अ‍ॅप्लिकेशनने सांगावे, स्वल्पविराम कोठे येतात हे सामाईक फंक्शनने पाहावे.

याउलट, ‘सभासद’ नावाचा ऑब्जेक्ट तिन्ही अ‍ॅप्लिकेशन्समध्ये आहे म्हणून तो सामाईक करण्याचा मोह आवरा. खात्याच्या अ‍ॅप्लिकेशनसाठी सभासद म्हणजे लॉगिन करणारी व्यक्ती, कर्जाच्या अर्जासाठी तो अर्जदार किंवा जामीनदार, आणि पॅनेलसाठी केवायसी प्रलंबित असलेली एक नोंद. हे तिन्ही अर्थ एका वर्गात कोंबले की त्या वर्गात साठ-सत्तर रकाने होतात, प्रत्येक अ‍ॅप्लिकेशन त्यातले दहा वापरते, आणि एकाने केलेला बदल उरलेल्या दोघांना कारण नसताना हादरवतो. येथे सामाईक करण्यासारखा भाग फक्त सभासद क्रमांकाची रचना तपासणे एवढाच असतो. थोडी पुनरावृत्ती सहन करणे हे चुकीच्या एकत्रीकरणापेक्षा कितीतरी स्वस्त पडते, आणि प्रती नंतर एकत्र करणे नेहमीच शक्य असते. गुंतलेला वर्ग सोडवणे मात्र फार अवघड जाते.

पायरी ३: पद्धत निवडा

कोड सामाईक करण्याच्या पद्धती बऱ्याच आहेत, पण त्या सर्व तीन क्षणांपैकी एखाद्या क्षणी काम करतात: कोड लिहिताना, बिल्ड करताना (लिहिलेल्या कोडापासून चालणाऱ्या फाइली बनवताना) किंवा प्रत्यक्ष चालताना.

एका अ‍ॅप्लिकेशनने दुसऱ्याच्या फोल्डरमधली फाइल थेट जोडणे, मग ती सापेक्ष मार्गाने असो वा सिमलिंकने (दुसऱ्या फाइलकडे किंवा फोल्डरकडे बोट दाखवणाऱ्या नोंदीने), ही सर्वांत जवळची वाट आहे आणि ती टाळावी. त्यात बदल कोणाच्याही संमतीशिवाय सर्वांपर्यंत पोचतो. कर्ज अर्जाचा माणूस आपली फाइल बदलतो आणि पॅनेल बंद पडते, पण त्याला त्याची कल्पनाही नसते. पीएचपीत यात आणखी एक खोच आहे: सिमलिंक नव्या फोल्डरकडे वळवल्यावरही रिअलपाथ कॅश जुना मार्ग लक्षात ठेवते, आणि तिची मूळ मुदत १२० सेकंदांची असल्याने काही विनंत्यांना जुना कोड मिळत राहतो.

गिट सबमॉड्यूलमध्ये प्रत्येक अ‍ॅप्लिकेशन सामाईक रेपोच्या (गिटमधल्या कोडसंग्रहाच्या) एका विशिष्ट कमिटला (जतन केलेल्या टप्प्याला) बांधलेले असते. तत्त्वतः हे चांगले आहे, पण सबमॉड्यूल अद्ययावत करण्याची वेगळी आज्ञा विसरली जाते, आणि नव्याने रुजू झालेल्या माणसाला रिकामे फोल्डर दिसते.

उरतात तीन विचार करण्यासारख्या वाटा. सर्व अ‍ॅप्लिकेशन्स एकच गट सांभाळत असेल तर एकच रेपो ठेवून त्यात एनपीएम या नोडच्या पॅकेज व्यवस्थापकाची वर्कस्पेसेस (एकाच रेपोतली पॅकेजेस एकमेकांना जोडण्याची सोय) वापरावीत. ही सोय एनपीएमच्या ७ व्या आवृत्तीपासून, म्हणजे २०२० पासून आहे. गट वेगळे असतील, किंवा एखादे अ‍ॅप्लिकेशन वर्षातून दोनदाच डिप्लॉय होत असेल, तर सामाईक भाग आवृत्ती क्रमांक देऊन खासगी रजिस्ट्रीत (पॅकेजेसच्या कोठारात) प्रकाशित करावा, म्हणजे प्रत्येक अ‍ॅप्लिकेशन आपल्या सवडीने नवी आवृत्ती घेईल. आणि जो भाग बदलला की त्याच क्षणी सर्वत्र दिसलाच पाहिजे, उदाहरणार्थ ठेवींचे व्याजदर, तो कोड म्हणून वाटूच नये. तो डेटाबेसमधून किंवा छोट्या अंतर्गत सेवेतून वाचावा. दर बदलण्यासाठी चार अ‍ॅप्लिकेशन्स डिप्लॉय करावी लागणे हे रचना चुकल्याचे स्पष्ट लक्षण आहे.

पतसंस्थेच्या उदाहरणात गट एकच आहे, म्हणून पुढे वर्कस्पेसेसची वाट धरली आहे.

पायरी ४: सामाईक पॅकेज वेगळे काढा

रेपोच्या मुळाशी दोन फोल्डर करा: एकात अ‍ॅप्लिकेशन्स, दुसऱ्यात पॅकेजेस. मुळाशी असलेल्या पॅकेज डॉट जेसनमध्ये वर्कस्पेसेस या नोंदीखाली दोन्ही फोल्डरचे मार्ग द्या आणि मूळ पॅकेज खासगी असल्याची नोंद करा, म्हणजे ते चुकून प्रकाशित होणार नाही. आता मुळाशी एकदा इन्स्टॉल केले की एनपीएम सामाईक पॅकेजेसच्या सिमलिंक मुळाच्या नोड मॉड्यूल्समध्ये तयार करते आणि सर्वांसाठी एकच लॉक फाइल (नेमक्या आवृत्त्यांची नोंद) राहते. सर्व्हरवर बिल्ड करताना साध्या इन्स्टॉलऐवजी एनपीएम सीआय ही आज्ञा वापरा, कारण ती लॉक फाइलशी तंतोतंत जुळणाऱ्या आवृत्त्याच घेते.

‘कॉमन’ किंवा ‘युटिल्स’ नावाचे एकच मोठे पॅकेज करू नका. त्या नावाखाली काहीही खपते, म्हणून काहीही टाकले जाते. रक्कम, नावे, पत्ता, वाहन अशी कामावरून ओळखली जाणारी लहान पॅकेजेस करा. प्रत्येकाला संस्थेच्या स्कोपखालचे, म्हणजे संस्थेचा उपसर्ग असलेले, नाव द्या. २०२१ च्या फेब्रुवारीत एका सुरक्षा संशोधकाने दाखवून दिले होते, की कंपन्यांच्या अंतर्गत पॅकेजचे नाव सार्वजनिक रजिस्ट्रीत कोणीही नोंदवले तर बिल्ड यंत्रणा ते परके पॅकेज उचलू शकते. स्कोप सार्वजनिक रजिस्ट्रीत आपल्या नावावर राखून ठेवला की ही वाट बंद होते.

पॅकेजच्या पॅकेज डॉट जेसनमध्ये एक्सपोर्ट्स ही नोंद जरूर भरा. तिच्यात जे दार सांगाल त्याच दाराने बाहेरच्यांना आत येता येते. ही नोंद नसेल तर कोणीतरी पॅकेजच्या पोटातली एखादी फाइल थेट जोडतो, आणि मग तुम्हाला ती फाइल हलवता येत नाही. एक धोका वर्कस्पेसेसमध्ये कायम राहतो: अवलंबित्वे (लागणारी इतर पॅकेजेस) मुळाशी एकत्र बसत असल्याने एखादे अ‍ॅप्लिकेशन स्वतः न मागितलेले पॅकेजही वापरू शकते आणि ते चालतेही, पण दुसऱ्या कोणी ते काढले की एकाएकी मोडते. पीएनपीएम हा दुसरा पॅकेज व्यवस्थापक याबाबत कडक असल्याने नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी त्याचा विचार करावा.

सामाईक पॅकेजमधल्या कोडाने बाहेरचे जग पाहू नये, हा नियम मी सर्वांत वर ठेवतो. त्याने एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (सर्व्हरवर ठेवलेले सेटिंग) वाचू नये, डेटाबेस उघडू नये, चालू विनंतीकडे पाहू नये, ‘आत्ता किती वाजले’ हेदेखील स्वतः विचारू नये. जे लागेल ते अ‍ॅप्लिकेशनने हातात द्यावे. हप्त्याचे वेळापत्रक बनवणाऱ्या फंक्शनला मुद्दल, दर, मुदत आणि सुरुवातीची तारीख द्या. आजची तारीख त्याने स्वतः घेतली तर पॅनेलमधून मागच्या महिन्याचे वेळापत्रक काढता येणार नाही आणि चाचणी रोज वेगळे उत्तर देईल. लिंकबाबतही हेच: सामाईक मेनूमध्ये ‘खाते’ हा मार्ग कोरला, तर अ‍ॅप्लिकेशनचा मार्ग बदलल्यावर मेनू तुटतो. मार्ग बाहेरून द्या.

पायरी ५: दुसऱ्या भाषेतले अ‍ॅप्लिकेशन

माहितीचा भाग पीएचपीत असल्याने टाइपस्क्रिप्टचे पॅकेज त्याला वापरता येत नाही. त्यात शाखा शोधण्याचे पान आहे, म्हणून पिन आणि जिल्ह्याचा नियम त्यालाही हवा, आणि चौकशीच्या अर्जात मोबाइल क्रमांकही तपासावा लागतो. जेसनमधली सारणी दोघेही वाचतील, एवढे सोपे. तपासणीचे काय?

येथे एक बारकावा लक्षात घ्या. रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये ‘कोणताही अंक’ सांगणारे चिन्ह जावास्क्रिप्टमध्ये फक्त ० ते ९ चे इंग्रजी अंक ओळखते. तेच चिन्ह पायथन ३ मध्ये आणि मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेटमध्ये मूळ अवस्थेत देवनागरी अंकही स्वीकारते, आणि पीएचपीत यू हा मॉडिफायर लावला तर तेथेही स्वीकारते. म्हणजे मराठी कीबोर्डवरून मोबाइल क्रमांक भरणाऱ्याला माहितीच्या भागात ‘ठीक’ आणि कर्जाच्या अर्जात ‘चूक’ असे उत्तर मिळेल, तपासणीची ओळ अक्षर न् अक्षर तीच असली तरी. आपल्याकडे ही स्थिती काल्पनिक नाही. फोनवर मराठी कीबोर्ड सुरू ठेवूनच अर्ज भरणारे अनेक जण असतात.

म्हणून भाषा वेगळ्या असतील तेव्हा कोडाऐवजी चाचण्या सामाईक करा. एका जेसन फाइलमध्ये जोड्या लिहा: हा इनपुट, हे अपेक्षित उत्तर. देवनागरी अंकातला मोबाइल क्रमांक, दोन्ही प्रकारे लिहिलेले ‘गोऱ्हे’, उरणचा पिन, बीएच मालिकेतला वाहन क्रमांक, मध्ये मोकळी जागा असलेला आयएफएससी कोड. टाइपस्क्रिप्टच्या चाचण्या आणि पीएचपीच्या चाचण्या दोघीही हीच फाइल वाचून चालतील. नियम दोन भाषांत दोनदा लिहावा लागतो, पण त्यांची उत्तरे वेगळी आली तर बिल्डच थांबते आणि फरक सभासदापर्यंत पोचत नाही. ही फाइल संस्थेतल्या कर्जविभागाच्या लिपिकालाही वाचून दाखवता येते, आणि नियम खरोखर कोणता आहे हे त्याच्याकडून तपासून घेता येते. कोड दाखवून ते होत नाही.

माहितीचा भाग त्याच रेपोत असेल तर कंपोजर या पीएचपीच्या पॅकेज व्यवस्थापकात पाथ प्रकारची रिपॉझिटरी नोंदवून पीएचपीची सामाईक पॅकेजेसही अशीच जोडता येतात.

पायरी ६: डिप्लॉयचा क्रम

एकच रेपो असल्यामुळे सगळी अ‍ॅप्लिकेशन्स नेहमी एकाच कोडावर चालतात असा समज होतो. तो चुकीचा आहे. डिप्लॉय वेगवेगळ्या वेळी होतात, त्यामुळे प्रत्यक्ष सर्व्हरवर सोमवारचे कर्ज अर्ज आणि मागच्या महिन्याचे पॅनेल शेजारी शेजारी चालू असतात आणि एकाच डेटाबेसमध्ये लिहितात. सामाईक पॅकेज सुधारूनही वाहन क्रमांकाची तीच अडचण पुन्हा उद्भवू शकते, कारण नवा अर्ज बीएच क्रमांक साठवतो आणि जुने पॅनेल तो नाकारते.

यावर उपाय एकच: वाचणारे आधी, लिहिणारे नंतर. नवे रूप स्वीकारणारा कोड प्रथम सर्व अ‍ॅप्लिकेशन्समध्ये डिप्लॉय करा. सर्व ठिकाणी तो पोचला याची खात्री झाली की मगच नवे रूप लिहिण्यास सुरुवात करा. जुने रूप बंद करायचे असेल तेव्हा क्रम उलट: आधी लिहिणे थांबवा, साठलेल्या नोंदी बदला, मग वाचणे काढा. खात्री करण्यासाठी प्रत्येक अ‍ॅप्लिकेशनला एक छोटे अंतर्गत पान द्या, जे त्या क्षणी चाललेला कमिट क्रमांक सांगेल. हे पान अर्ध्या तासात होते, आणि ते नसेल तर खात्री फक्त आठवणीवर चालते.

सामाईक पॅकेजमध्ये बदल झाला की सीआयमध्ये (प्रत्येक बदलावर आपोआप बिल्ड व चाचण्या चालवणाऱ्या यंत्रणेत) ते पॅकेज वापरणाऱ्या सर्व अ‍ॅप्लिकेशन्सच्या चाचण्या चालल्या पाहिजेत, केवळ त्या पॅकेजच्या नव्हे. ज्यांनी खासगी रजिस्ट्रीची वाट निवडली असेल त्यांनी सिमँटिक व्हर्जनिंग काटेकोर पाळावे: जुना वापर मोडणारा बदल पहिला आकडा वाढवतो, नवी सोय दुसरा, दुरुस्ती तिसरा. ० ने सुरू होणाऱ्या आवृत्तीचे गणित मात्र वेगळे असते. कॅरेट (^) चिन्हासह ०.३.१ लिहिले तर ०.४.० आपोआप घेतली जात नाही. अंतर्गत पॅकेज दोन अ‍ॅप्लिकेशन्स खऱ्या कामासाठी वापरू लागली की १.०.० जाहीर करून टाका.

पायरी ७: ब्राउझरकडील भाग

रंग, अक्षरांचे आकार आणि मोकळ्या जागा सीएसएसच्या कस्टम प्रॉपर्टीज म्हणून एका फाइलमध्ये ठेवल्या की त्या पीएचपीच्या पानालाही चालतात आणि रिअ‍ॅक्ट या जावास्क्रिप्ट लायब्ररीतल्या अ‍ॅप्लिकेशनलाही. शीर्षपट्टी आणि तळपट्टी चारही ठिकाणी सारखी हवी असेल तर वेब कंपोनंट (ब्राउझरला थेट समजणारा, पुन्हा वापरता येणारा घटक) हा टिकाऊ मार्ग आहे, कारण तो कोणत्याही फ्रेमवर्कवर अवलंबून नसतो. बिल्ड झालेल्या फाइलच्या नावात तिच्या मजकुराचा हॅश (मजकुरावरून काढलेली खूण) घाला आणि एक वर्षाची कॅश मुदत द्या. फाइलचा पत्ता सर्वांसाठी एकच ठेवला तर एका अ‍ॅप्लिकेशनमध्ये उतरलेली फाइल दुसऱ्यात पुन्हा उतरवावी लागत नाही. सार्वजनिक सीडीएनवरून (सर्वांना फाइली पुरवणाऱ्या सर्व्हरांच्या जाळ्यावरून) सगळ्या जगाशी कॅश सामाईक होते हा जुना फायदा आता उरलेला नाही. क्रोमने ८६ व्या आणि फायरफॉक्सने ८५ व्या आवृत्तीपासून कॅश संकेतस्थळानुसार विभागली आहे.

रिअ‍ॅक्ट वापरणाऱ्या सामाईक पॅकेजने रिअ‍ॅक्टला स्वतःचे अवलंबित्व म्हणून जोडू नये, पीअर अवलंबित्व म्हणून नोंदवावे, म्हणजे वापरणाऱ्याकडची प्रतच वापरली जाते. अन्यथा पानावर रिअ‍ॅक्टच्या दोन प्रती येतात आणि हुक चुकीच्या पद्धतीने वापरल्याची त्रुटी दिसते, जिच्या मजकुरावरून खरे कारण लवकर लक्षात येत नाही. चालू पानात दुसऱ्या अ‍ॅप्लिकेशनचे तुकडे आणणारे वेबपॅक ५ मधले मॉड्यूल फेडरेशन मोठ्या, स्वतंत्र गटांसाठी आहे. सहा-सात जणांच्या गटाला त्याची गरज नसते.

पायरी ८: लॉगिन, कुकी आणि गुपिते

चारही अ‍ॅप्लिकेशन्सना एकच लॉगिन हवे असते. कुकी तपासण्याचा कोड सामाईक असावा, पण तपासण्याची किल्ली कधीही पॅकेजमध्ये जाऊ नये. ती प्रत्येक सर्व्हरवर पॅकेजबाहेरून पुरवली जावी. शक्य असेल तर लॉगिन देणारे अ‍ॅप्लिकेशन एकच ठेवा आणि बाकीच्यांना फक्त पडताळणी करू द्या. सही करण्याची किल्ली वेगळी आणि पडताळणीची सार्वजनिक किल्ली वेगळी अशी पद्धत घेतली तर माहितीचा भाग फुटला तरी कोणाला खोटी कुकी बनवता येत नाही. लोकल स्टोरेजमधल्या प्रत्येक नावाला अ‍ॅप्लिकेशनचा उपसर्ग लावा, नाहीतर दोन अ‍ॅप्लिकेशन्स ‘मसुदा’ या एकाच नावाखाली एकमेकांचे अर्ज पुसतील.

डॉटनेट वापरणाऱ्यांसाठी

अनेक संस्थांची जुनी अ‍ॅप्लिकेशन्स आयआयएस या मायक्रोसॉफ्टच्या वेब सर्व्हरवर एकाखाली एक अशी बसवलेली असतात, आणि तेथे काही गोष्टी वेगळ्या आहेत. आयआयएसमधले प्रत्येक अ‍ॅप्लिकेशन आपल्या बिन फोल्डरमधून असेंब्ली (बिल्ड झालेल्या कोडाची फाइल) वाचते. मुळाच्या बिनमधली असेंब्ली खालच्या अ‍ॅप्लिकेशनला आपोआप मिळत नाही. वेब डॉट कॉन्फिग ही सेटिंग्जची फाइल मात्र वारशाने खाली येते. या दोहोंच्या मेळातून नेहमीची तक्रार जन्मते: मुळाच्या कॉन्फिगमध्ये एखादे मॉड्यूल नोंदवलेले असते, खालचे अ‍ॅप्लिकेशन ती नोंद घेते, पण त्याच्या बिनमध्ये ती असेंब्ली नसते आणि पान उघडतच नाही. मुळाच्या त्या विभागाभोवती लोकेशन घटक लावून खालच्या अ‍ॅप्लिकेशन्सचा वारसा बंद केला की तक्रार थांबते.

असेंब्ली गॅकमध्ये (यंत्रावरच्या सामाईक असेंब्लींच्या साठ्यात) टाकून सर्वांना वाटणे डॉटनेट फ्रेमवर्कमध्ये शक्य आहे, पण त्यासाठी स्ट्राँग नेम (सही केलेली ओळख) लागते, ती संपूर्ण यंत्रासाठी लागू होते, आणि डॉटनेट कोअरपासून गॅक उरलेलेच नाही. त्यामुळे नव्या कामात सामाईक भाग क्लास लायब्ररीत ठेवून न्यूगेट या डॉटनेटच्या पॅकेज व्यवस्थेतल्या खासगी फीडमधून द्यावा. जुनी व नवी अ‍ॅप्लिकेशन्स एकत्र असतील तर ती लायब्ररी डॉटनेट स्टँडर्ड २.० साठी बिल्ड करावी, म्हणजे दोन्हीकडे चालेल. लॉगिन सामाईक ठेवण्यासाठी जुन्या अ‍ॅप्लिकेशन्समध्ये मशीन कीच्या दोन्ही किल्ल्या सारख्या लागतात, आणि एएसपी डॉटनेट कोअरमध्ये डेटा प्रोटेक्शनची किल्ल्यांची साठवण, अ‍ॅप्लिकेशनचे नाव आणि कुकीचे नाव, तिन्ही जुळावी लागतात.

पायरी ९: चालू संकेतस्थळावर बदल

सगळ्या प्रती एका दिवसात काढून टाकण्याचा प्रयत्न करू नका. एक तुकडा निवडा. वाहन क्रमांकाची तपासणी चांगली सुरुवात आहे, कारण ती लहान आहे आणि तिची उत्तरे तपासता येतात. तिन्ही प्रतींसमोर आजवर साठलेले सर्व वाहन क्रमांक ठेवा आणि उत्तरे कोठे वेगळी येतात ते पाहा. जेथे ती वेगळी येतील तेथे कोणती प्रत बरोबर हे प्रोग्रामरने ठरवू नये. कर्जविभागाला विचारावे, कारण एखादा फरक मुद्दाम ठेवलेलाही असू शकतो, जसे पॅनेलमध्ये तात्पुरता नोंदणी क्रमांक चालतो आणि सभासदाच्या अर्जात चालत नाही. मिळालेली उत्तरे जोड्यांच्या फाइलमध्ये उतरवा, मगच सामाईक फंक्शन लिहा, आणि एकेका अ‍ॅप्लिकेशनमधली प्रत काढत जा. नवे फंक्शन बसवल्यानंतर जुनी प्रत ‘कधी लागली तर’ म्हणून ठेवू नका. ती गिटच्या इतिहासात आहेच, आणि फोल्डरमध्ये राहिली तर पुढचा माणूस नेमकी तीच उचलेल.

प्रत्येक पॅकेजला एक नाव दिलेला जबाबदार माणूस असावा, ज्याच्या मंजुरीशिवाय त्यात बदल होणार नाही. त्याने दर काही महिन्यांनी पॅकेज कोण वापरते ते पाहावे. एकच अ‍ॅप्लिकेशन वापरत असेल, तर पॅकेज मोडून तो कोड त्या अ‍ॅप्लिकेशनमध्ये परत न्यावा, आणि एखाद्या फंक्शनमध्ये ‘पॅनेलसाठी असेल तर हे, अर्जासाठी असेल तर ते’ अशा अटी वाढू लागल्या असतील, तर त्याची दोन फंक्शन्स करून ती आपापल्या घरी पाठवावीत.